राजमतीआक्कानं तलवार विकली

राजमतीआक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती डोंगरावरून पडत होती.

निपाणीच्या एका कॉलेजात मला ग्रंथालयात नोकरी लागली होती आणि मी राहायला खोली शोधत होते. बेळगावजवळच्या माझ्या गावाहून, येळ्ळूरहून, रोज ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं. कुणीतरी सांगितलं, भूपाल पाटलांच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, माणसं जैन आहेत, नेमाची आहेत, पण भाडेकरूला त्रास देणारी नाहीत. मी गेले तर दार उघडंच होतं. "कोण हाय का घरात?" म्हणून हाक मारली, तसा आतून बाईचा आवाज आला, "थांब, थांब, पडलो गं, पडलो, पडलो."

आमच्या भागात बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात. म्हणजे कुणीतरी बाईमाणूस पडलं असणार, असं समजून मी चपला न काढताच आत धावले. पुढच्या सोप्यात टीव्हीसमोर पाटावर साठीकडं झुकलेली एक बाई मांडी घालून बसली होती. पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला दोरा, आणि हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. टीव्हीवर लाल झग्यातली एक पोरगी कड्यावरून गडगडत खाली येत होती. तिच्या पाठीवर पातेलं बांधलेलं होतं. ती गवतात आपटली, थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग उठून तिनं कपडे झटकले. पाटावरच्या बाईनं मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"चपला काढ की," ती म्हणाली. "आणि बस. जेवलीस का?"

ही राजमतीआक्का. भूपालआप्पांची धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला आणि चिकोडीकडच्या एका खेड्यातून ती माहेरी परत आली. तेव्हा हे घर भरलेलं होतं. तंबाखूचा व्यापार, वखारीतली माणसं, पाहुणे, भावांची मुलं. आक्का आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि त्यानंतर तिला तिथून कुणी बाहेर बोलावलं नाही. पुढं व्यापार बसला, आप्पांची बायको वारली, धाकटे भाऊ अजितअण्णा बांधकामाची कंत्राटं घेत बेळगावला स्थायिक झाले. आप्पांचा मुलगा सन्मती नोकरीला बंगळूरला गेला. एवढ्या मोठ्या घरात आप्पा आणि आक्का असे दोघंच राहिले.

गेमचा तो खोका सन्मतीचा. जाताना तो फडक्यात गुंडाळून ठेवून गेला होता. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा सहज गंमत म्हणून त्यानं कंट्रोलर आत्याच्या हातात दिला. हे दाबलं की चालते, हे दाबलं की चढते, हे दाबलं की चूल पेटते. सुट्टी संपून सन्मती गेला, पण आक्का काही पाटावरून उठली नाही.

गेमचं नाव इंग्रजीत होतं आणि लांबलचक होतं. आक्का त्याला नुसतं 'डोंगर' म्हणायची. लाल झग्यातल्या पोरीलाही नाव होतं, पण आक्कासाठी ती 'आमची बाई'. ही बाई पाठीवर पातेलं घेऊन एका मोठ्या डोंगराळ मुलखातून हिंडत असते. वाटेत पालेभाज्या, फळं, धान्य गोळा करायचं, भूक लागली की चूल पेटवून काहीतरी शिजवायचं, खाल्लं की अंगात बळ येतं आणि पुढचा चढ चढता येतो. अधूनमधून राक्षस आडवे येतात. त्यांना मारण्यासाठी सुरुवातीलाच बाईला एक तलवार मिळते.

ती तलवार आक्कानं पहिल्याच गावच्या बाजारात विकली आणि त्या पैशातून पळी घेतली.

सन्मतीला हे फोनवर कळलं तेव्हा मी तिथंच बसले होते. तोपर्यंत मी वर राहायला आले होते आणि संध्याकाळी आक्काजवळ बसायचा मला नाद लागला होता. गेममधलं इंग्रजी वाचून सांगायला तिला कुणीतरी हवंच होतं. फोन स्पीकरवर होता.

"आत्या, तलवार विकलीस?"

"व्हय. काय करू तिचं?"

"अगं, राक्षस आले की मारणार कशानं?"

"मारायचं कशाला? पळती की आमची बाई. लई जोरात पळती."

"अगं, राक्षसांना मारल्याशिवाय गेम पुढं जात न्हाय."

"न जाईना का," आक्का म्हणाली. "मागं काय कमी हाय?"

तिनं खरोखरच त्या गेममध्ये कधी मुंगीसुद्धा मारली नाही. राक्षस दिसला की ती झाडामागं लपायची, नदीत उडी घ्यायची, नाहीतर लांबचा वळसा घालून जायची. गेम बनवणाऱ्यांनी मासे, मटण, अंडी, आळंबी अशा नाना वस्तू ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीलाही आमच्या बाईनं हात लावला नाही. एवढंच नव्हे, तर गेममधला सूर्य मावळला की आक्का बाईला जेवू घालायची नाही. एकदा बर्फाच्या घाटात रात्र झाली, बाईचं बळ संपत आलं, पडद्याच्या कडा लाल होऊन लुकलुकायला लागल्या. मी म्हटलं, "आक्का, तिला काहीतरी खायला घाला, न्हायतर मरंल ती."

"दिवस बुडालाय गं."

"पण आक्का, ती काय जैन न्हाय."

"माझ्या हातात हाय तवर हाय," आक्का म्हणाली, आणि बाईला एका गुहेत नेऊन बसवलं. उजाडेपर्यंत आम्ही दोघी तिच्याबरोबर जाग्या राहिल्यासारख्या पडद्याकडं बघत बसलो. खऱ्या घड्याळात तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गंगव्वा वाटीभर कषाय घेऊन जिना चढून माझ्या खोलीत आल्या. कषाय म्हणजे आपला काढा. गंगव्वांचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, जीभ बघितली आणि म्हणाल्या, "ताप न्हाय की गं." मी म्हटलं, मला काय झालंय? तर म्हणाल्या, "आक्कानं सकाळी सांगितलं, आमची बाई रातभर थंडीनं काकडली, उपाशी हाय. मला वाटलं वरची बाई." मी खरं काय ते सांगितलं. गंगव्वा जिन्यातच बसून हसल्या. मग वाटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आणलंय तर पी." त्या दिवसापासून त्याही रोज विचारायला लागल्या, बाई कुठवर आली म्हणून.

गेममधलं जेवण खऱ्या चुलीवर करायचं आक्काच्या मनात कधी आलं, ते मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा खाल्लं ते 'घाटातलं कालवण'. गेममध्ये ते खाल्लं की बर्फात थंडी वाजत नाही. मुळात त्यात मटण आणि कंदमुळं होती. आक्काच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काहीच चालत नव्हतं. तिनं कच्ची केळी, भिजवलेले पावटे आणि शेवग्याच्या शेंगा घेतल्या, भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं वाटून लावलं, मिरी आणि सुंठ सढळ हातानं घातली. ओलं आलं चालत नाही, वाळून सुंठ झालं की चालतं. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर तिनं ते मला वाढलं आणि समोर उभी राहिली. दुसऱ्या घासाला माझ्या कपाळावर घाम आला, चौथ्या घासाला मानेवरून ओघळायला लागला. महिना एप्रिलचा होता.

"थंडी गेली का?" आक्कानं विचारलं.

मी मान हलवली. बोलण्यासारखी माझी स्थिती नव्हती.

"मग बराबर झालंय," ती म्हणाली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

तिची पद्धत ठरलेली होती. गेममध्ये पदार्थ शिजला की त्याचं चित्र पडद्यावर येतं. ते चित्र ती चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ निरखायची. मग डोळे मिटून बसायची. मग "बघूया की" म्हणायची आणि उठायची. हे 'बघूया की' कानावर आलं की घरातली भांडी वाजायला लागणार, हे ठरलेलं. नाचणी, गूळ आणि काळे तीळ एकत्र करून तिनं नदीतले गोटे केले. ते इतके हुबेहूब झाले की घरी आलेल्या एका पाहुण्यांनी शोभेचे समजून त्यातला एक कागदांवर वजन म्हणून ठेवला. कोहळ्याच्या फोडी पाकात मुरवून बर्फाचे खडे केले. कुंपणावरच्या गोकर्णीची निळी फुलं उकळून त्या पाण्यात भात शिजवला आणि वर नारळाचं घट्ट दूध सोडलं. त्याचं नाव 'धुक्याचा भात'. त्या भातावर लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा व्हायचा. तो होताना आक्का दर वेळी ताटावर वाकून बघायची, जणू या वेळी होतोय की नाही याची तिला शंका असावी.

हे सगळं चाललं असताना आप्पा आपलं ताट घेऊन वेगळे बसत. आप्पा म्हणजे पांढरी टोपी, ताठ पाठ आणि मोजकं बोलणं. त्यांना बहिणीचं ते टीव्हीसमोर बसणं पसंत नव्हतं, पण तेवढं ते सोसत. निळा भात बघितल्यावर मात्र ते बोलले. "अन्नाला जो रंग आसतो त्योच आसावा." त्या दिवसापासून आक्कानं काही नवं केलं की आप्पा दहीभात खायला लागले. आक्का मुकाट्यानं दहीभात कालवून द्यायची. ना ती रुसली, ना तिनं आपलं करणं थांबवलं.

एका दुपारी ती पावटे सोलत होती. मी मदतीला बसले होते. बोलता बोलता मी म्हटलं, आक्का, तुमच्या हाताला चव आहे, सगळेच म्हणतात.

"म्हणत्यात खरं," ती म्हणाली. "आप्पाला पातळ आमटी लागती, अजितला तिखट. सन्मतीला तर गोडाशिवाय जेवण जात न्हाय. वहिनीला आंबट चालायचं न्हाय, तिला पित्त व्हायचं. आज इतकी वर्सं झाली, कुणाला काय लागतंय ते मला झोपेत बी सांगता येईल. ही आमची बाई बघ. तिला भूक लागली की करती, तिला जे घावतंय त्यातलं करती, आणि तिचं तीच खाती. पहिल्यांदा बघितलं तवा मला लई नवल वाटलं."

तिनं सोललेले पावटे पातेल्यात टाकले.

"मला आंबट आवडतंय," आक्का म्हणाली. "हे मला आत्ता आत्ता कळलं बघ."

पुढं गणपतीनंतर गावातल्या महिला मंडळानं पाककृती स्पर्धा ठेवली. पारंपरिक पदार्थ असा विषय होता. गंगव्वांनी आक्काचं नाव परस्पर दिलं. आक्का नको नको म्हणाली आणि मग डोळे मिटून बसली. "बघूया की," म्हणाली.

तिनं 'दलदलीतली आमटी' करायचं ठरवलं. गेममध्ये एका विषारी दलदलीतून जायच्या आधी आमची बाई ही आमटी पिते, मग तिला विष बाधत नाही. आक्कानं दुधी भोपळा कोवळा बघून घेतला, नारळाच्या दुधात शिजवला, जिरं, हिरवी मिरची आणि गोकर्णीचं पाणी घातलं. निळ्याशार आमटीचं पातेलं घेऊन आम्ही रिक्षातून मंगल कार्यालयात गेलो. तिथं शेंगदाण्याच्या शेंगा पोळ्या होत्या, पुरणाचे कडबू होते, गव्हाची गोड हुग्गी होती, आंबील होती. पुरणाचा वास सगळ्या हॉलभर दरवळत होता. त्या सगळ्या तांबूस-पिवळ्या ओळीत आक्काचं निळं पातेलं लांबूनसुद्धा दिसत होतं.

आणि पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर आप्पा बसलेले होते. गावातलं वडीलधारं माणूस म्हणून मंडळानं त्यांना बोलावलं होतं. बहिणीनं भाग घेतलाय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पातेलं बघितलं, आक्काला बघितलं आणि नजर छताकडं लावली.

परीक्षक बाई कोल्हापूरहून आल्या होत्या. त्या आक्काच्या टेबलाशी थांबल्या. आक्कानं वाटीत आमटी वाढली आणि वरून लिंबू पिळलं. निळी आमटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळी झाली. मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या.

"हे खायचं आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"व्हय, आमटी हाय," आक्का म्हणाली.

"पण विषय पारंपरिक होता. ही परंपरा कुठली?"

आक्कानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "डोंगरापल्याडच्या दलदलीतली. तिथली माणसं वाटेला लागायच्या आधी पेत्यात. विष बाधत न्हाय."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक बाईंनी चमचा हातात घेतला, वाटीत बुडवला, आणि तोंडाजवळ नेऊन परत ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच धीर होत नव्हता. "पुढच्या वेळी विषय नीट वाचा हं," असं काहीतरी त्या गोड आवाजात म्हणाल्या. आक्काचं तोंड उतरलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. ती लिंबाची साल बोटानं दाबत उभी होती.

तेवढ्यात आप्पा उठले. टोपी सारखी केली, हळूहळू चालत टेबलापाशी आले. परीक्षक बाईंच्या समोरची ती वाटी त्यांनी उचलली आणि तोंडाला लावली. आप्पांनी वाटी पूर्ण रिकामी केली, रुमालानं मिशा पुसल्या.

"मीठ बराबर हाय," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

बक्षीस शेंगा पोळीला मिळालं, आणि ते बरोबरच होतं, पोळी फार सुरेख झाली होती. पण त्यानंतर आक्काच्या टेबलाभोवती अशी गर्दी झाली की आमच्या वाट्याला एक थेंब उरला नाही. परतीच्या रिक्षात आप्पा पुढं ड्रायव्हरजवळ बसले. घरात शिरल्यावर, हातपाय धुऊन, पाटावर बसता बसता त्यांनी विचारलं, "ते जांभळं उरलंय का?"

"न्हाय की," आक्का म्हणाली. "उद्या करतो."

दहीभात त्या दिवशी बंद झाला.

सन्मतीचे काही मित्र बेळगावला कॉलेजात शिकत होते. एका रविवारी त्यातले चौघं गेमची कसलीशी वायर न्यायला म्हणून आले. आक्कानं त्यांना जेवायला बसवलं. धुक्याचा भात, घाटातलं कालवण आणि गोटे पानात बघून पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यांनी तो गेम पूर्ण केलेला होता. पडद्यावर शेकडो वेळा बघितलेलं जेवण खरोखर वाफाळत समोर आलं, तेव्हा त्यातली एक मुलगी थोडा वेळ नुसतं बघतच राहिली. पुढच्या रविवारी ती आणखी चार जणांना घेऊन आली. मग माझ्या कॉलेजातलीही मुलं यायला लागली. येताना कुणी भाजी आणायचं, कुणी नारळ, कुणी दूध. जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं, हा एकच नियम होता आणि तो पोरं आनंदानं पाळायची.

एकदा सन्मतीही सुट्टी काढून आला. तोवर आमची बाई राक्षसांना चुकवत चुकवत शेवटच्या पुलापर्यंत पोचली होती. पुलावर एक अवाढव्य राक्षस बसलेला असतो. त्याला वळसा घालता येत नाही, मारावंच लागतं. पोरं गोळा झाली होती. सन्मती म्हणाला, "आत्या, मी मारू का? दोन मिनिटांचं काम हाय. पलीकडं लई मोठं गाव हाय, तुला बघायला मिळंल."

"तुझ्या खेळात मार," आक्का म्हणाली. तिनं राक्षसाकडं जरा वेळ बघितलं. "दमल्यालं दिसतंय बिचारं." आणि बाईला वळवून ती परत डोंगर उतरायला लागली. खालच्या खोऱ्यात एका गावात पिवळ्या फळांचा बहर आला होता, तो बघायचा राहिला होता. पोरांनी आधी आरडाओरडा केला, मग तीही तिच्याबरोबर ती फळं शोधायला लागली.

आणि एक दिवस अजितअण्णा बेळगावहून गाडी घेऊन आले. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. सून नोकरी करणारी, अण्णांच्या बायकोचे गुडघे दुखत होते, घरात स्वयंपाकाचे हाल होत होते. अण्णांनी येतानाच दोन रिकाम्या बॅगा आणल्या होत्या.

"आक्का, तुझी खोली रंगवून ठेवलीया," ते म्हणाले. "आप्पालाबी घेऊन चल. एवढं घर आता कुणासाठी राखायचं? विकून टाकू."

अण्णांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. त्यांचं बहिणीवर प्रेम होतं. आक्कानं कुठं राहायचं हे आजवर नेहमी असंच ठरत आलं होतं, त्यामुळं हेही ठरलेलंच आहे असं त्यांना वाटत होतं. मी पायरीवर बसले होते, उठून वर जावं की न जावं हे मला कळेना.

आक्का चहा घेऊन बाहेर आली. अण्णांच्या हातात कप देऊन उभी राहिली.

"मी येत न्हाय, अजित."

अण्णा हसले. "म्हंजे? आज न्हाय येत? मग पुढच्या आठवड्यात येतो की मी."

"तसं न्हवं. राहायला येत न्हाय."

"का गं? काय चुकलं आमचं?"

"तुमचं काय चुकलं न्हाय." आक्कानं पदर कमरेला खोचला. "बाळंतपणाला येतो मी. सव्वा महिना राहतो. डिंकाचं लाडू करतो, पोराला न्हाऊ घालतो, सगळं करतो. मग परत येतो."

"परत? हितं काय हाय परत यायला?"

आक्का टीव्हीकडं बघत राहिली, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. मला वाटलं, आता ती गप्प बसणार आणि बॅगा भरणार.

आप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"रविवारी पोरं जेवायला येत्यात," ते म्हणाले.

अण्णांनी भावाकडं बघितलं. "आप्पा, पोरांचं काय घेऊन बसलाईस?"

"आपल्या घरात पंगत बसती, तर आपण जागा सोडून कुठं जायाचं? आणि घर माझ्याबी नावावर हाय. मी सही करत न्हाय." मग पेपराचं पान उलटत म्हणाले, "च्या पी. गार होतोय."

अण्णा थोडे रागावून गेले. बॅगा रिकाम्याच परत गेल्या. पण रविवार होता, आणि ते निघेपर्यंत पोरं यायला लागली होती. गाडीपाशी आक्कानं अण्णांच्या हातात डबा दिला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सुनेला सध्या काही खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. तिनं डब्यातला निळा भात लिंबू पिळून सगळा खाल्ला होता. तो कसा करायचा, ते सांग म्हणाले. आक्कानं सगळं सविस्तर सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज मला वरच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

बाळंतपणाला ती गेली. सव्वा महिना राहिली, नातीला न्हाऊमाखू घातलं आणि बोलल्याप्रमाणं परत आली. ती नसताना रविवारी आप्पांनी पोरांना चुरमुरे आणि चहा दिला, आणि ते फार संकोचून दिला, असं गंगव्वांनी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. सासर बेळगावजवळच्या पिरनवाडीचं, नोकरीही बेळगावात मिळाली. मी खोली सोडली त्या दिवशी आक्कानं माझी ओटी भरली आणि म्हणाली, "सासरी कुणाला काय आवडतंय ते शिक. आणि तुला काय आवडतंय ते बी सांगत जा, पहिल्या दिवसापासनं." मला रडू येत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. चूल पेटलेली होती, तिला आत जायचं होतं.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण भेट झाली नाही. गेल्या हिवाळ्यात मी एका नात्यातल्या लग्नासाठी कोल्हापूरला निघाले होते. बस संकेश्वरला थांबली. स्टँडबाहेर फळांचे गाडे लागले होते, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. खिडकीतून सहज बघितलं तर एका गाड्यापाशी आक्का आणि आप्पा उभे होते. आप्पांच्या हातात भाजीची भरलेली पिशवी होती. आक्काच्या हातात एक बटरफ्रूट, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो, होतं, ती ते कानाशी नेऊन हलवत होती.

गाडेवाला म्हणत होता, "किती देऊ आक्का? किलोभर करू?"

"एकच," आक्का म्हणाली. "आधी खाऊन बघतो. कापून दे."

मी हाक मारणार होते. पण गाडेवाल्यानं फळ चिरलं, बी काढली, वर थोडं मीठ भुरभुरवलं आणि एक फोड आक्काला, एक आप्पांना दिली. दोघं भर रस्त्याच्या कडेला उभे राहून खायला लागले. आक्कानं डोळे मिटले. आप्पांनी तोंड वाकडं केलं.

"साबण खाल्ल्यागत लागतंय," आप्पा म्हणाले.

आक्का हसली आणि गाडेवाल्याकडं लिंबू मागायला लागली. आमची बस सुरू झाली. बस वळताना मी मान वळवून बघितलं, तेव्हा आप्पांनी पिशवी खाली ठेवली होती आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढं केला होता.